उजेडाकडे बघायचं की उजेडात बघायचं? मेणबत्त्यांच्या सणाविषयी



डिसेंबर आला की आपल्या फोनवर एक वाक्य फिरायला लागतं: नाताळ म्हणजे ख्रिस्ती बांधवांची दिवाळी. पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. बाजारही तेच सांगतो. ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, दिवाळीत ज्या दोरीला आकाशकंदील टांगलेले असतात, त्याच दोरीला दोन महिन्यांनी चांदण्या लटकतात. विकणारा तोच, आतला बल्ब तोच. मग अर्थही तोच असणार, असं आपण धरून चालतो. आणि तो अर्थ तर तयारच असतो: अंधारावर प्रकाशाचा विजय. शाळेच्या फळ्यावर लिहा, नेत्याच्या फलकावर छापा, दिवाळीला चालतो, नाताळला चालतो, कुठेही चालतो. जे वाक्य कुठेही चालतं ते कुठल्याही एका गोष्टीबद्दल खरंच काही सांगतं का, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न तपासायला नाताळ बाजूला ठेवू. तो आता सगळ्यांचाच झाला आहे, केकपासून टोपीपर्यंत. त्याच्याच शेपटाला असलेला एक लहान सण घेऊ. २ फेब्रुवारी. नाताळानंतरचा चाळिसावा दिवस. कॅथलिक चर्चच्या दिनदर्शिकेत हा बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा सण आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो शतकानुशतकं मेणबत्त्यांचा सण म्हणून राहिला. इंग्रजीतलं कँडलमस, पोर्तुगीजांची कांदेलारिया, ही त्याचीच नावं.

या दिवशी होतं काय? लोक शक्यतो चर्चच्या बाहेर किंवा दारापाशी जमतात. प्रत्येकाच्या हातात एक न पेटलेली मेणबत्ती. एकाच्या ज्योतीवर दुसरा पेटवतो, दुसऱ्याच्या ज्योतीवर तिसरा. फादर त्या मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग सगळे हळूहळू चालत आत जातात. मिस्सा पुढे नेहमीसारखी. ठाण्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीला संध्याकाळी थोडी थंडी असते, थोडा वारा असतो. आम्ही पाहिलं ते एवढंच: माणसं एका हातात मेणबत्ती धरून दुसऱ्या हाताचा तळवा तिच्याभोवती आडोसा करून चालत होती. कोणी कागदाचा पेला भोसकून त्यात मेणबत्ती खोचली होती, मेण हातावर पडू नये म्हणून. विजयाची मिरवणूक काही अशी नसते. विझेल की काय, या काळजीने चालणारी माणसं होती ती.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे मुलगा झाला की चाळीस दिवसांनी आईची शुद्धी व्हायची आणि तिने मंदिरात अर्पण द्यायचं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. सोयर, विटाळ, आणि सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन बाळंतिणीने देवाला जायचं. सव्वा महिना आणि चाळीस दिवस, हिशेब जवळपास एकच. म्हणजे बेथलेहेमची ही बाळंतीण आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

अर्पण काय? शास्त्र सांगतं, कोकरू. आणि कोकराची ऐपत नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. लूक फक्त पक्ष्यांचा उल्लेख करतो आणि पुढे जातो. गरीब हा शब्द तो वापरत नाही. शास्त्र माहीत असलेल्या ऐकणाऱ्याला मात्र कळतं की या घरात कोकरू परवडत नाही.

मंदिरात दोन माणसं भेटतात. पहिला शिमोन. मसीहा पाहिल्याशिवाय तुला मरण येणार नाही, असं त्याला सांगितलेलं आहे. तो बाळाला हातात घेतो आणि देवाला म्हणतो की आता मला सोड, जे बघायचं होतं ते या डोळ्यांनी बघितलं. आणि हे जे बघितलं ते सगळ्या राष्ट्रांना प्रकाश देणारं आहे. शिमोन म्हातारा होता असं लूक कुठेही म्हणत नाही, बरं का. चित्रकारांनी त्याला पांढरी दाढी दिली आणि आपणही दिली, कारण हे बोलणं निरोप घेणाऱ्या माणसाचं आहे. मग तो आईकडे वळतो आणि तिला म्हणतो, तुझ्याही काळजातून तलवार जाईल. सव्वा महिन्याच्या बाळाच्या आईला! आपल्याकडे कोणी असं बोललं असतं तर त्याला घराबाहेर काढलं असतं.

दुसरी हन्ना. लग्नानंतर सात वर्षं संसार, मग वैधव्य, आता चौऱ्याऐंशी. मंदिर सोडून जात नाही. ती त्या बाळाबद्दल भेटेल त्याला सांगत सुटते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या गोष्टीत दिवा नाही. मेणबत्ती नाही, पणती नाही, मशाल नाही. उजेडाचा फक्त एक शब्द आहे, तोही एका जायला निघालेल्या माणसाच्या तोंडी. मेणबत्त्या मागाहून आल्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक बाई यात्रेला यरुशलेमात गेली. तिने तिथल्या सणांची बारकाईने नोंद ठेवली आहे. चाळिसाव्या दिवसाचा सण तिथे मोठ्या थाटात व्हायचा, असं ती लिहिते. मेणबत्त्यांचं नाव ती काढत नाही. पाचव्या शतकात यरुशलेमच्या परिसरातून मेणबत्त्यांचा उल्लेख यायला लागतो. पुढे सातव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये पोप पहिले सेर्जियस यांनी या दिवसाला मिरवणूक जोडली. पाश्चात्त्य चर्चमध्ये हा दिवस पुष्कळ काळ मरियेच्या शुद्धीकरणाचा सण म्हणूनच ओळखला जायचा. १९६९च्या सुधारणेत दिनदर्शिका बदलली, नाव बदललं आणि भर आईच्या शुद्धीवरून बाळाच्या अर्पणावर आला.

म्हणजे हा विधी शिमोनाच्या एका शब्दावर लोकांनी शतकानुशतकं केलेलं भाष्य आहे. टीकाकार लेख लिहितो, लोकांनी मेणबत्ती पेटवली. आणि आमच्या मते ते भाष्य फार नेमकं आहे. शब्द शिमोनाने बाळाला हातात घेऊन उच्चारला होता. म्हणून मेणबत्ती वेदीवर न राहता प्रत्येकाच्या हातात आली. शिमोनाचं बोलणं संपत चाललेल्या माणसाचं होतं. म्हणून पेटता पेटता कमी होणारी वस्तू निवडली गेली. समईत तेल घातलं की ती पुन्हा तीच. मेणबत्ती मात्र उजेड देते तेवढी संपते.

इथे एक धोका आहे. मेणबत्ती स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश देते, हे वाक्य आपण पाचवीच्या निबंधापासून शिक्षकांवर आणि आईवर लादत आलो आहोत. जळणाऱ्याचं कौतुक करायचं आणि त्याला जळू द्यायचं, अशी त्यात सोय असते. शिमोन तसं काही बोलत नाही. तो कोणासाठी जळत नाही. तो पाहतो, आणि पाहून झाल्यावर जायला मोकळा होतो. या कथेतला उजेड त्यागाचा नाही, दिसण्याचा आहे.

म्हणूनच मराठीत तो शब्द कसा आणायचा याला महत्त्व आहे. पर्याय आपल्याकडे भरपूर आहेत: प्रकाश, तेज, ज्योती, उजेड. प्रकाश आणि तेज हे शब्द ऐकले की आपण हात जोडतो. त्यांच्याकडे बघायचं असतं. उजेड हा घरातला शब्द. उजेडाकडे आपण बघत नाही, उजेडात बघतो. दिवसाउजेडी काम उरकतो, उजेडात सुई ओवतो, तांदूळ निवडतो. कोणी फारच फुशारकी मारली तर काय उजेड पाडलास म्हणून त्याची थट्टाही करतो. शिमोनाचं सगळं बोलणं डोळ्यांवर आहे. राष्ट्रांना काहीतरी दिसावं, उघड व्हावं, म्हणून हा प्रकाश. आम्हाला विचाराल तर इथे उजेडच हवा.

हा काही आजचा वाद नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या ते काम करत होत्या. तिथल्या बायकांनी खिळे जुळवले आणि १९२४ मध्ये ते पुस्तक निघालं. त्यांची तक्रार हीच होती की आधीची भाषांतरं संस्कृतप्रचुर आहेत, न शिकलेल्या बाईला ती कळत नाहीत. संस्कृतात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाईने हे म्हणावं, याला वजन आहे.

त्यांच्या टेबलावर हन्नाची ती तीन वचनं आली असतील तेव्हा काय झालं असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आपल्याकडे ओवाळायचा मान सवाष्णीचा. विधवेने निरांजन हातात घेऊन बाळाला ओवाळायचं नाही, पुढे यायचं नाही, हा नियम. रमाबाई स्वतः विधवा, १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि या ग्रंथात बाळाला पाहून चारचौघांत बोलते ती एक विधवा. मंदिरात उभी राहून. २ फेब्रुवारीच्या मिरवणुकीतही मेणबत्ती हातात देताना कोण सवाष्ण आणि कोण विधवा हे कोणी विचारत नाही. अंधारावर प्रकाशाचा विजय या वाक्यात हन्ना कुठे बसते? बसतच नाही. त्या वाक्यात माणसंच नाहीत, फक्त अंधार आहे आणि प्रकाश आहे.

आता थोडं आपल्या गावांकडे येऊ, कारण ही सगळी दूरदेशीची गोष्ट आहे असा समज असतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने कल्लियाना नावाच्या बंदराची नोंद केली आणि तिथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो असं लिहिलं. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. ते इथे उतरले होते ते आधीपासून राहणाऱ्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. पोर्तुगीज त्यानंतर दोनशे वर्षांनी आले. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च ही त्यांची आठवण, पण ख्रिस्ती माणसाचा या खाडीशी संबंध त्याहून फार जुना.

आणि तो एकाच रंगाचा नाही. १९८८ साली सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. महाराष्ट्रात आलेल्या मल्याळी ख्रिस्ती लोकांची पूर्वेकडची सिरियन परंपरा त्यात आहे. त्या परंपरेत उजेडाचा मोठा दिवस ६ जानेवारीचा, दनहा. सिरियाक भाषेत दनहा म्हणजे उगवणं. केरळात त्या दिवशी घरापुढे केळीचा खुंट रोवतात, त्यावर दिवे लावतात आणि त्याच्याभोवती फिरतात. तिथे प्रसंग येशूच्या स्नानसंस्काराचा, उजेड उगवतीचा. म्हणजे डोंबिवलीतल्या एकाच मजल्यावर शेजारी राहणाऱ्या दोन ख्रिस्ती घरांचा उजेडसुद्धा एक नसतो. एकाचा पहाटेचा, एकाचा संध्याकाळचा. मग आपण त्या दोघांना मिळून एकच दिवाळी कशी देऊन टाकतो?

कोणी विचारेल, मग मेणबत्तीच का, समई का नको? हाही प्रश्न विचारून झाला आहे. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या उपासनेसाठी बारा बदलांना परवानगी दिली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल, दिव्याची आरती चालेल, हे त्यात होतं. काही ख्रिस्ती लोकांना ते आपलं वाटलं, काहींना ते उसनं वाटलं. फादर स्टीफन्सनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापलं तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, म्हणून त्यांना ओवीतलं पुराण दिलं. ते रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सानंतर वाचलं जाई, आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते जपलं. ओवी परकी नव्हती म्हणून गोष्ट आत गेली. समईचंही तसं होऊ शकतं, झालेलं आहे. फक्त या एका दिवशी आम्ही मेणबत्तीच्या बाजूने आहोत. समई उभी राहते, आणि आपण तिच्यापुढे बसतो. या सणाला उजेड हातात घेऊन बाहेरून आत चालायचं असतं.

शिवाय मेणबत्तीबद्दल आपल्याला, म्हणजे कल्याण-डोंबिवलीकरांना, वेगळं सांगायला नको. २००५ ते २००८ची वर्षं आठवा. मुंबई शहरात दिवे झगमगायचे आणि आपल्याकडे भारनियमन. २६ जुलै २००५ नंतर कल्याणच्या कितीतरी वस्त्यांत दिवस दिवस वीज नव्हती. पोरांनी बारावीचा अभ्यास मेणबत्तीवर केला. लाइट गेली की घरात पहिला प्रश्न: मेणबत्ती कुठंय? ती कधी देव्हाऱ्यात नव्हती, ती स्वयंपाकघरात, काडेपेटीशेजारी होती. वाटीच्या बुडावर दोन थेंब मेण सांडून तिला उभी करायची. तिने अंधारावर विजय वगैरे मिळवला नाही. अंधार खोलीभर तसाच होता. फक्त समोरचं पान दिसत होतं, आणि समोर बसलेल्याचा चेहरा. आम्हाला वाटतं, शिमोनाचा उजेड याच जातीचा आहे. रोमनांचं राज्य त्या दिवशी संपलं नाही, हेरोद कुठे गेला नाही, तलवार टळली नाही. एका माणसाला एक चेहरा नीट दिसला, एवढंच झालं.

आशीर्वाद दिलेल्या या मेणबत्त्या कॅथलिक लोक घरी नेतात आणि ठेवून देतात. वादळवाऱ्यात, आजारपणात पेटवतात. आणि जुनी रीत अशी की घरात कोणाची शेवटची घटका आली की त्याच्या हातात ती पेटती मेणबत्ती द्यायची; धरवत नसेल तर दुसऱ्याने त्याच्या हातावर हात ठेवून धरायची. शिमोनाचे तेच शब्द चर्चमध्ये रोज रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत म्हटले जातात, झोपण्याआधी. म्हणजे बाळाच्या सव्वा महिन्याला पेटलेला उजेड माणसाच्या शेवटच्या श्वासापर्यंत कपाटात वाट बघत असतो.

आता दिवाळीवर अन्याय नको. तिथेही धनत्रयोदशीला आपण एक पणती दक्षिणेकडे तोंड करून ठेवतो, यमासाठी. फडके रोडवर आणि तलावपाळीवर दिवाळी पहाटेला जी गर्दी उसळते तिला त्या पणतीची आठवण नसेल, पण घरातल्या म्हातारीला असते. तो दिवा कोणावर विजय मिळवत नाही. तो मृत्यूला म्हणतो, तू आहेस हे आम्हाला माहीत आहे. म्हणजे विजयाच्या त्या वाक्याने आपण शेजाऱ्याचा सण तर सपाट केलाच, आपलाही केला. दोघांच्याही घरात मरणासमोर ठेवायचा एक लहान दिवा होता, आणि दोघांनाही ते एकमेकांना सांगता आलं असतं. नाताळ म्हणजे तुमची दिवाळी, असं म्हटल्यावर ते बोलणं तिथेच संपतं. कारण त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही.

तेव्हा एवढीच विनंती. येत्या २ फेब्रुवारीला शेजारच्या घरी मेणबत्ती आलेली दिसली तर शुभेच्छांचा तयार संदेश पाठवू नका. ती मेणबत्ती कोणासाठी ठेवली आहे, ते विचारा. आणि त्यांनी विचारलं तर त्यांना आपल्या दक्षिणेकडच्या पणतीचं सांगा.